घरच्या शिवणकामाला पुतळा : घ्यावा कोणता, करावा कसा



कार्यक्रमात शिवणकामावर बोलणं झालं, की एक प्रश्न हटकून येतो. "ताई, मी घरी ब्लाउज शिवते. गल्लीतल्या चार-दोन बायकांचेही शिवून देते. पण फिटिंग मनासारखं बसत नाही. पुतळा घेतला तर काम सुधारेल का? आणि घ्यायचा तर परवडेल असा कोणता?"

प्रश्न रास्त आहे. शहरातल्या शिंप्याच्या दुकानात मापाचा पुतळा उभा असतो. तो त्यावर कापड टाकतो, टाचण्या लावतो, लांबून बघतो. आपल्याला वाटतं, ही वस्तू आपल्याकडे असती तर आपलंही काम तसंच झालं असतं. पण पुतळ्याला लागणारा पैसा हा दुधाच्या, अंड्यांच्या किंवा निंदणी-खुरपणीच्या मजुरीतून मागं टाकलेला पैसा असतो. तो एकदा चुकीच्या वस्तूत गेला, की पुन्हा साठायला वर्ष जातं. म्हणून बाजारात जाण्याआधी दहा मिनिटं हे पत्रक वाचा.

आधी माझीच चूक सांगते

शिवणकाम शिकले, त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. साठवलेल्या पैशांतून मी तालुक्याच्या बाजारातून एक पुतळा आणला. गोरापान, गुळगुळीत, बारीक कंबरेचा. खरं म्हणजे तो कपड्याच्या दुकानात दर्शनी भागात उभा करायचा पुतळा होता. मला तो फरक तेव्हा ठाऊक नव्हता. घरी आणला आणि टाचणी टोचायला गेले, तर टाचणीच वाकली. टेप लावला, तर छाती, कंबर, खांदा यांतलं एकही माप आमच्या गल्लीतल्या कुठल्याच बाईशी जुळेना.

तरीही हौस दांडगी. शेजारच्या मुलीच्या लग्नाचा ब्लाउज मी त्याच पुतळ्यावर चढवून बघितला. सुरेख बसला. हळदीच्या आदल्या संध्याकाळी मुलीनं अंगात घातला आणि हात वर केला, तर मुंढ्यात गच्च अडकला. पाठ ताणली गेली, हुक ओढले गेले. मुलीची आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. शिवणीत एक इंच माया ठेवलेली होती म्हणून लाज राखली. रात्री दोन वाजेपर्यंत उसवून पुन्हा शिवला.

त्या रात्री एक गोष्ट पक्की समजली. पुतळा जेवत नाही, वाकत नाही, श्वास घेत नाही आणि हात वर करत नाही. ब्लाउज पुतळ्यावर बसला म्हणजे अंगावर बसला, असं नाही. पुतळा मदतनीस आहे. माप घेणं आणि अंगावर घालून बघणं ही दोन कामं तो करू शकत नाही. हे मनाशी धरूनच पुढचं वाचा.

पुतळा कशासाठी हवा आणि कशासाठी नको

आपल्या कामाचे प्रकार वेगळे करून बघू.

साधा किंवा कटोरी ब्लाउज, तोही गिऱ्हाइकाने मापाचा ब्लाउज दिलेला असताना : पुतळ्याची गरज नाही. नीट घेतलेली मापं आणि कच्च्या टाक्यावर एकदा अंगावर घालून बघणं, एवढं पुरतं. दहा बायकांचे दहा देह. एक पुतळा दहाजणींचा होऊ शकत नाही.

परकर, झबली, लहान मुलांचे कपडे : मुळीच गरज नाही. मूल तर चार महिन्यांत वाढतं.

स्वतःचेच कपडे शिवणं : इथे पुतळा खरा उपयोगी. आपल्याच पाठीवर आपल्याला टाचणी लावता येत नाही. आरशात बघायला मान वळवली, की पाठीवरचं कापडही वळतं. आपल्या मापाचा पुतळा असला, म्हणजे पाठ, खांदा आणि गळा निवांत बघता येतो.

मागच्या गळ्याची नक्षी, लटकन, प्रिन्सेस कट, घेरदार फ्रॉक, चुण्यांचा पंजाबी ड्रेस : यात कापड कसं पडतं, हे आडवं ठेवून कळत नाही. पुतळ्यावर टाकलं की लगेच दिसतं. अशी कामं तुमच्याकडे वरचेवर येत असतील, तर पुतळ्याचा विचार जरूर करावा.

शिवलेला माल मांडून विकणं : जत्रेत, बचत गटाच्या प्रदर्शनात कपडा उभा दिसला तर गिऱ्हाईक थांबतं. मात्र त्यासाठी दर्शनी पुतळा चालतो आणि तो भाड्याने किंवा उसना मिळाला तरी भागतं.

आपलं काम पहिल्या दोन प्रकारांत मोडत असेल, तर पैसे मोडू नका. आधी धारदार कात्री, चांगली इस्त्री, मशीनची साफसफाई-दुरुस्ती आणि उभं माणूस पूर्ण दिसेल असा आरसा या चार गोष्टी करा. ज्या घरात ह्या चार नाहीत, तिथे पुतळा आणून फिटिंग सुधारत नाही.

बाजारात काय मिळतं

साधारणपणे तीन प्रकार दिसतात.

१) दर्शनी पुतळा. फायबरचा किंवा प्लॅस्टिकचा, टणक. दिसायला छान, पण टाचणी शिरत नाही. त्याचा बांधा दुकानातला कपडा खुलून दिसावा म्हणून घडवलेला असतो, मापासाठी नव्हे. शिवणकामासाठी हा घेऊ नये. स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

२) कापड मढवलेला शिवणकामाचा पुतळा. आत टणक साचा, त्यावर फोमचा थर आणि वरून घट्ट कापड. खाली लोखंडी दांडा आणि पाय. टाचणी शिरते. हा ठरावीक मापातच येतो. ब्लाउजच्या मापांप्रमाणे ३२, ३४, ३६ असे आकडे असतात. शिवणारीच्या बहुतेक गरजा हा भागवतो.

३) चक्र फिरवून लहान-मोठा होणारा पुतळा. याचे उभे भाग असतात. चक्र फिरवलं की ते एकमेकांपासून सरकतात आणि घेर वाढतो. कल्पना चांगली आहे, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. घेर वाढवला की भागांच्या मध्ये फटी पडतात आणि तिथे टाचणी कशात लावायची, हा प्रश्न येतो. घेर चारी बाजूंनी सारखा वाढतो. आपलं अंग मात्र तसं वाढत नाही. कुणाचं पोट पुढे येतं, कुणाची पाठ भरते. आणि आतली चक्रं प्लॅस्टिकची असली, तर जोरात फिरवल्यावर दाते झिजतात. एकाच घरात वेगवेगळ्या अंगाच्या दोघी-तिघींचं शिवायचं असेल, तर याचा उपयोग आहे. एकटीसाठी दुसरा प्रकार बरा.

माप कोणतं घ्यावं

इथेच बहुतेकींची चूक होते. आपण आपला बेताचा ब्लाउज मोजतो आणि त्या मापाचा पुतळा मागतो. ते बरोबर नाही. ब्लाउजमध्ये अंगापेक्षा थोडी ढिलाई धरलेली असते आणि पंजाबी कुडत्यात तर दोन ते चार इंच सैलपणा असतो. पुतळा अंगाच्या मापाचा हवा, कपड्याच्या मापाचा नव्हे.

मापं दुसरीकडून घ्यावीत. स्वतःची स्वतः घेऊ नयेत. नेहमी ब्लाउजच्या आत जे घालता तेच घालून, ताठ पण सहज उभं राहावं. श्वास रोखू नये. टेप अंगाला लागावा, रुतू नये. ही सात मापं कागदावर लिहा :

• छातीच्या वरचा घेर : टेप बगलेखालून, पुढे छातीच्या उंच भागाच्या वरून.
• छातीचा घेर : सर्वांत भरलेल्या जागेवरून, टेप मागे खाली न उतरू देता.
• छातीखालचा घेर : ब्लाउजची पट्टी जिथे बसते तिथे.
• कंबर : कंबरेला दोरी बांधून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुका. दोरी आपोआप जिथे बसते ती खरी कंबर.
• सीट : बसण्याच्या सर्वांत भरलेल्या जागेवरून.
• खांदा : एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या खांद्याच्या हाडापर्यंत, पाठीवरून.
• पाठीची उंची : मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथून कंबरेच्या दोरीपर्यंत.

आता नियम असा : पुतळा आपल्या मापाचा तंतोतंत मिळाला तर उत्तम. तसा न मिळाला, तर एक माप लहान घ्यावा. मोठा कधीही घेऊ नये. लहान पुतळ्यावर कापूस, कापड बांधून तो भरता येतो. मोठा पुतळा तासून लहान करता येत नाही.

दुसरा नियम : निवड करताना खांदा, पाठीची उंची आणि छातीच्या वरचा घेर यांना आधी मान द्या. छाती, पोट आणि सीट या जागा भरून वाढवता येतात. खांदा रुंद असला किंवा पाठ लांब असली, तर इलाज नाही.

टपालाने किंवा फोनवरून मागवायचा असेल, तर मापं इंचांत आहेत की सेंटिमीटरमध्ये ते बघा. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. ८६ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ३४ इंच, ९१ म्हणजे जवळजवळ ३६ इंच. माप जुळलं नाही तर माल परत घेतील का, हे पैसे देण्याआधी विचारावं.

दुकानात काय तपासावं

जाताना आपला टेप आणि चार टाचण्या घेऊन जा. दुकानदार काय म्हणेल याचा संकोच नको. पैसे आपले आहेत.

१. टाचणी तिरपी टोचून बघा. सहज शिरली पाहिजे आणि हलवल्यावर तिथेच राहिली पाहिजे. छाती, खांदा आणि कंबर तिन्ही ठिकाणी बघा.
२. सातही मापं स्वतः मोजा. चिठ्ठीवरच्या आकड्यावर विसंबू नका.
३. समोर उभं राहून दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का, छातीची उंची दोन्हीकडे सारखी आहे का, ते बघा.
४. पुढची मधली रेषा, मागची मधली रेषा आणि कंबर यांवर शिवण किंवा खूण असावी. कापड लावताना तीच आपली वाट.
५. पाय डगमगतात का? पुतळ्याच्या खांद्यावर हात टेकून हलकेच ढकला. हलणारा पुतळा शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर मुळीच उभा राहणार नाही. रुंद बैठकीचा घ्या.
६. उंची कमी-जास्त करायचा स्क्रू घट्ट बसतो का, ते फिरवून बघा.
७. मढवलेलं कापड घट्ट हवं. बोटाने ओढल्यावर सुरकुती आली, तर माप वरचेवर बदलेल.
८. पावती घ्या.

शहरात एखादं शिवणदुकान बंद होतं, तेव्हा जुना पुतळा अर्ध्या किमतीत मिळू शकतो. जुना घ्यायला हरकत नाही. फक्त फोम एका जागी खचला आहे का, दांडा गंजला आहे का आणि आत उंदरांनी घर केलं आहे का, एवढं बघून घ्यावं.

जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिवणकामाचा किंवा ड्रेस मेकिंगचा वर्ग चालत असेल, तर विकत घेण्याआधी तिथला पुतळा एकदा हाताळून या. बघितलेली वस्तू घेताना फसगत कमी होते.

घरी करायचा पुतळा

आता कमी खर्चाची गोष्ट. आपल्या अंगाचा पुतळा घरी करता येतो. तो दिसायला दुकानातल्यासारखा नसेल, पण एका बाबतीत त्याहून सरस असतो. वर्षानुवर्षं एकाच बाजूला हंडा, एकाच कडेवर मूल घेऊन अनेकींचा एक खांदा किंचित उतरलेला असतो. विकतच्या पुतळ्याला हे ठाऊक नसतं. घरी केलेल्या पुतळ्यात ते जसंच्या तसं उतरतं.

साहित्य : अंगाला घट्ट बसणारा, मांडीपर्यंत पोचणारा जुना टी-शर्ट. तो कापावा लागणार, म्हणून टाकाऊच घ्या. कापडी पाठीच्या जाड चिकटपट्टीची दोन-तीन रिळं. मध्येच संपून पंचाईत नको, म्हणून एक जास्तीचं. बोथट टोकाची कात्री, रंगीत पेन, टेप, सुतळी. भरायला जुन्या गादीचा पिंजलेला कापूस किंवा कपड्याच्या बारीक चिंध्या. एक लाकडी हँगर.

मदतीला नणंद, जाऊ किंवा मैत्रीण हवीच. एकटीने करायचं हे काम नाही. लागणारा वेळ एक तासाच्या आसपास धरा.

आधी काळजीची गोष्ट. ज्यांना दिवस गेले आहेत, ज्यांना दम्याचा किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे, त्यांनी हे करू नये. उन्हाळ्यात दुपारी करू नये. सकाळच्या गारव्यात करावं. आधी थोडं खाऊन, पाणी पिऊन घ्यावं. चक्कर, गुदमर, मुंग्या यांपैकी काहीही वाटलं, तर पट्टी गेली तर गेली, लगेच कापून मोकळं व्हावं.

कृती :

१. नेहमीचं आतलं वस्त्र घालून वर टी-शर्ट घाला. कंबरेला सुतळी बांधा. गळ्याभोवती मऊ कापड गुंडाळा. चिकटपट्टी गळ्याच्या कातडीला लागता कामा नये आणि गळ्याभोवती पूर्ण वेढा कधीही घालू नये.

२. पट्टीचे वीतभर लांबीचे तुकडे करा. रिळातून सरळ अंगाभोवती गुंडाळत गेलं, तर ते आवळतं. तुकडे लावले, तर आवळत नाही आणि गोलाईवर सुरकुतीही पडत नाही.

३. सुरुवात छातीखालून. पहिली पट्टी छातीखाली आडवी, मग दोन्ही खांद्यांवरून तिरप्या पट्ट्या, छातीच्या मधोमध फुली येईल अशा. छातीच्या गोलाईवर आखूड तुकडे वापरा. पट्टी दाबून छाती सपाट करू नका, नाहीतर पुतळ्याचा उपयोगच गेला.

४. मग पोट, पाठ, सीट. पहिला थर आडवा झाला, की दुसरा उभा, तिसरा तिरपा. तीन थरांनी साचा उभा राहतो. उभी असलेल्या बाईने सहज श्वास घेत राहावं आणि ताठ-वाकडं होऊ नये. अधूनमधून पाणी विचारा.

५. काढण्याआधी खुणा करा : पुढची मधली उभी रेषा, मागची मधली रेषा, कंबर, खांद्याची रेषा, मुंढ्याचा गोल, छातीची उंची. मागच्या रेषेवर दर दोन बोटांवर आडव्या बारीक रेघा मारा. जोडताना त्या एकमेकींना मिळाल्या, की समजायचं साचा बरोबर जुळला.

६. मागच्या मधल्या रेषेवरून खालून वर कापा. कात्रीचं बोथट टोक अंगाकडे आणि मधे जाड पुठ्ठ्याची पट्टी धरा. घाई नको. आतलं वस्त्र आणि कातडी दोन्ही सांभाळा.

७. साचा उतरवला की मागची चीर रेघा जुळवून आतून-बाहेरून चिकटवा. हाताची आणि गळ्याची भोकं पुठ्ठ्याचे गोल कापून बंद करा. खांद्यात हँगर बसवा.

८. खालून भरायला लागा. आधी खांदे, मग छाती, मग पोट. थोडं भरलं की टेप लावा. हे विसरू नका. ठासून भरत गेलं, तर साचा फुगतो आणि ३४ चा ३७ होतो. पट्टीच्या जाडीमुळेही घेर थोडा वाढलेला असतो. जास्त वाढला असेल, तर मागची चीर उघडून कडा एकमेकींवर चढवून पुन्हा चिकटवा.

९. तळाला पुठ्ठा लावून बंद करा. वर जुन्या सुती साडीचं किंवा मांजरपाटाचं घट्ट खोळ शिवून घाला आणि खुणांच्या रेषा रंगीत धाग्याने खोळीवर घाला. खोळ आणि आतला कापूस यांच्यामुळे टाचणी धरली जाते.

उभा करायला : रंगाचा रिकामा डबा घ्या. त्यात बांबू किंवा लोखंडी नळी सरळ उभी धरून वाळू-सिमेंटचा माल भरा आणि दोन दिवस हलवू नका. नळी पुतळ्यात खालून हँगरपर्यंत जावी. कंबरेची रेषा जमिनीपासून आपल्या कंबरेइतकीच उंच ठेवा, म्हणजे कुडत्याची लांबीही बघता येते.

भरायला भुसा, कोंडा, पेंढा वापरू नका. फुकट मिळतो खरा, पण ओल धरतो, किडे होतात आणि उंदीर पहिल्याच पावसात वाट काढतात. खळीने चिकटवलेल्या कागदाचाही पुतळा करता येतो. मात्र खळीला झुरळं आणि कसर लागते आणि कोकणातल्या दमट हवेत तो मऊ पडतो. चिकटपट्टीचा पुतळा उन्हात आणि तापलेल्या पत्र्याखाली ठेवला, तर गोंद सुटतो. त्याला भिंतीच्या सावलीची जागा द्या.

बेतता येतं त्यांच्यासाठी आणखी सोपा उपाय

ज्यांना ब्लाउज बेतता येतो, त्यांना चिकटपट्टीचीही गरज नाही. मांजरपाटाचं अंगाला अगदी चापून बसणारं, ढिलाई न ठेवलेलं, सीटपर्यंतचं अंगरखं कापा. कच्च्या टाक्याने जोडून अंगावर घाला. मैत्रिणीकडून जिथे सैल आहे तिथे टाचून घ्या, मग पक्की टीप मारा. त्यात कापूस भरा. भरताना टेप हाताशीच ठेवा. कापड ताणतं, म्हणून दुहेरी मांजरपाट घ्या. खर्च कापडाचा आणि दोऱ्याचा. शिवाय हे करता करता आपल्या अंगाचा बेत आपल्याला पाठ होतो, ही खरी कमाई. पुढे प्रत्येक ब्लाउज त्याच बेतावरून कापता येतो.

लहान पुतळा आपल्या मापाचा कसा करावा

विकतचा किंवा उसना पुतळा आपल्यापेक्षा लहान असेल, तर आपलं जुनं आतलं वस्त्र त्यावर चढवा आणि कापूस भरून छातीचं माप जुळवा. पोट आणि सीट यांसाठी जुन्या साडीच्या घड्या एकावर एक, कडेला पातळ होत जातील अशा, धावदोऱ्याने टाचा. एकदम जाड घडी ठेवली, तर कडेला पायरी दिसते आणि कापड तिथे अडतं. वरून ताणणाऱ्या कापडाचा जुना टी-शर्ट घट्ट चढवा. शेवटी सातही मापं पुन्हा घ्या.

यावरूनच गटासाठी एक युक्ती. दहाजणींच्या बचत गटाने ३२ मापाचा एक चांगला पुतळा मिळून घ्यावा. प्रत्येकीने आपल्या भरणाची वेगळी पिशवी करून त्यावर नाव आणि मापं लिहावीत. ज्या दिवशी जिची पाळी, त्या दिवशी तिचं भरण. एकीच्या डोक्यावर बोजा नाही आणि पुतळाही कोपऱ्यात पडून राहत नाही. कुणाकडे कधी, आणि मोडला तर भरपाई कशी, हे मात्र घेण्याआधीच वहीत लिहून ठेवा. पुढची भांडणं वाचतात.

घेण्याआधी हिशेब

समजा, पुतळा ३,००० रुपयांना पडतो. दोरा, हुक, अस्तर, वीज वजा जाता एका कामामागे १०० रुपये उरतात. तर ३० कामं झाल्यावर पुतळ्याचे पैसे सुटले, असं वरवर वाटतं. पण थांबा. साधे ब्लाउज तुम्ही पुतळ्याशिवायही शिवत होताच. ते या हिशेबात धरू नका. पुतळा आल्यामुळे जी नवी कामं घेता येतील, तेवढीच धरा. अशी कामं महिन्याला दोन येणार असतील, तर ३० कामांना पंधरा महिने लागतील. पाच येणार असतील, तर सहा महिने. पंधरा महिने थांबायची ऐपत असेल तर घ्या, नसेल तर घरचा करा. वर्षभराने कामं वाढली, की मग विकतचा घ्या. तोवर घरचा पुतळा फुकट जाणार नाही. काय हवं आणि काय नको, हे तोच शिकवील.

कर्ज काढून पुतळा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२३ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत शिंपीकामही आहे. पात्र कारागिरांना प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं साह्य अशी तिची रचना आहे. आपण त्यात बसतो का आणि नोंदणी चालू आहे का, याची चौकशी ग्रामपंचायतीत किंवा नागरी सुविधा केंद्रात करावी.

पुतळा आल्यावर

• टाचण्या न गंजणाऱ्या घ्या आणि काम झालं की रोज काढून डबीत मोजून ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर हा नियम मोडू नका.
• पुतळ्यावर जुन्या साडीचं आवरण घाला. चुलीचा धूर आणि धूळ पांढऱ्या कापडावर लगेच बसते.
• पावसाळ्यात जमिनीला टेकवून ठेवू नका. खाली पाट किंवा वीट द्या. ऊन पडलं, की वाऱ्याला ठेवा. थेट उन्हात नको.
• सहा महिन्यांनी आपली मापं पुन्हा घ्या. बाळंतपण, आजारपण, वय यांनी अंग बदलतं. पुतळा आपोआप बदलत नाही, आपण बदलायचा असतो.

शेवटची परीक्षा अंगावरच

कपडा पुतळ्यावरून उतरवला, की कच्च्या टाक्यावर असतानाच घालणारीच्या अंगात घाला. तिला हात वर करायला सांगा, फळीवरचा डबा काढतो तसे. पुढे वाकायला सांगा, खुरपताना वाकतो तसं. खाली बसायला आणि मोठा श्वास घ्यायला सांगा. मुंढा ओढतो का, पाठ ताणते का, हुकांमध्ये फट पडते का, ते बघा. आपल्या बायका दिवसभर वाकतात, उचलतात, डोक्यावर घेतात. त्यांचा ब्लाउज उभ्या बाहुलीचा नसून कष्ट करणाऱ्या अंगाचा आहे. आणि शिवणीत माया ठेवायला कधीही विसरू नका. माया असली, की चूक दुरुस्त होते. ती नसली, तर कापडही जातं आणि गिऱ्हाईकही.

माझा तो गोरापान पुतळा अजून घरात आहे. मुलं त्याला टोपी घालतात. प्रदर्शन असलं, की गटातल्या बायका नेतात, तेवढा त्याचा उपयोग. काम मात्र मी मांजरपाटाच्या, कापसाने भरलेल्या, एक खांदा उतरलेल्या पुतळ्यावर करते. दिसायला तो ओबडधोबड आहे, पण मापाला खरा आहे.

तुम्ही घरी पुतळा करून बघितलात, तर कसा झाला आणि कुठे अडलं, ते पत्राने जरूर कळवा. तुमच्या अनुभवातून दुसऱ्या भगिनींचे पैसे वाचतील.